जास्तीची चौकट

वडील गेल्यानंतर तीनेक महिन्यांनी आईला घेऊन बँकेत गेले होते. जोडखात्यावरचं त्यांचं नाव कमी करायचं, केवायसीचे कागद द्यायचे आणि नॉमिनी म्हणून माझं नाव लावायचं, एवढंच काम. काउंटरमागे पंचविशीतली मुलगी होती. कामाला चोख, बोलायला गोड. तिने मृत्यूचा दाखला पाहिला, जरा थांबली, आणि मग संगणकावर आईच्या नावाआधीचं 'सौ.' काढून तिथे 'श्रीमती' टाकलं. विचारलं नाही. यात विचारण्यासारखं काही असेल असं तिला वाटलंही नसणार. मग माझी पाळी आली. वय अठ्ठेचाळीस, लग्न केलेलं नाही. यादी खाली सरकली आणि माझ्या नावाआधी 'कु.' येऊन बसलं. आईने चष्म्यावरून पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुझं बरंय बाई. तू आपली आहेस तिथेच आहेस."

त्या तासाभरात शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळे त्या मुलीला 'मॅडम' म्हणत होते. आमच्या मागे उभे असलेले, पेन्शनच्या कामासाठी आलेले आजोबासुद्धा. तिचं लग्न झालंय का, झालं असेल तर नवरा आहे का, याच्याशी कुणालाच देणंघेणं नव्हतं. ती खुर्चीवर होती, म्हणून मॅडम होती.

मी पुण्यात फ्रेंच शिकवते. त्यामुळे 'मॅडम' हा शब्द कुठून निघाला आणि इंग्रजांच्या बोटीतून आपल्याकडे कसा उतरला, हे मला पोटापाण्यापुरतं तरी माहीत असावं लागतं. पहिल्याच आठवड्यात संबोधनं शिकवावी लागतात. जुन्या पुस्तकांत तीन असायची: पुरुषाला मस्यू, लग्न झालेल्या बाईला मादाम, न झालेलीला मादमोआझेल. एकदा अकरावीतल्या एका मुलाने विचारलं, "मॅम, लग्न न झालेल्या पुरुषाला काय म्हणायचं?" मी म्हटलं, मस्यूच. "मग कळणार कसं?" वर्ग हसला. मी मात्र घरी जाताना रिक्षात त्याच्या प्रश्नाचा विचार करत राहिले. त्याचा प्रश्न अगदी रास्त होता. कळायला हवं असेल तर दोघांचं कळायला हवं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. सरकारी, बँकेच्या, शाळेच्या, कुठल्याही छापील कागदावर बाईच्या नावाआधी तिच्या लग्नाची हकीकत नको. फ्रान्सने सरकारी कागदांपुरतं हे २०१२ साली केलं. त्या वेळी तिथे जो आरडाओरडा झाला, त्यात सगळ्यात जोरात मांडलेला मुद्दा परंपरेचा होता: मादमोआझेल हा आमचा शेकडो वर्षांचा वारसा आहे, दरबारी रीत आहे, त्याला हात लावू नका. हा मुद्दा इतिहासाच्या कसोटीवर मुळीच टिकत नाही. दरबारात या शब्दाचा अर्थ 'बिनलग्नाची' असा नव्हताच.

मुळापासून पाहू. लॅटिनमध्ये 'दोमिना' म्हणजे घराची मालकीण, स्वामिनी. 'माझी स्वामिनी' यावरून मादाम झालं. दोमिनाचं लाडकं, लहान रूप म्हणजे 'दोमिनिकेल्ला'. त्याचं जुन्या फ्रेंचमध्ये झालं दमोआझेल, आणि त्याला 'माझी' जोडून मादमोआझेल. दोन्ही शब्द उमरावांच्या घरातले. शेतकरणीला किंवा कोळणीला यातलं काहीच लागत नसे. आणि दोघींतला फरक होता पायरीचा. शव्हालिए, म्हणजे रीतसर वीरपद मिळालेला सरदार, त्याची बायको मादाम. एक्युये, म्हणजे मूळचा ढाल वाहणारा, खालच्या पायरीवरचा उमराव, त्याची बायको मादमोआझेल. लग्न झालेली, चार पोरांची आई, तरी मादमोआझेल. पुढे उमराव नसलेल्या, पण बऱ्या स्थितीतल्या शहरी घरांतल्या बायकांनाही हाच शब्द लागू लागला. नाटककार मोलिएरने १६६२ साली आर्मांद बेजार या नटीशी लग्न केलं. ती पॅरिसमध्ये 'मादमोआझेल मोलिएर' म्हणून ओळखली जाई. नवऱ्याचं नाव लावलेलं, आणि पुढे मादमोआझेल! आजच्या नियमाने पाहिलं तर हे कोडंच वाटेल.

आता उलट बाजू. राजाची मुलगी जन्मतःच मादाम. पाळण्यातली, दुधाचे दात न आलेली मादाम. पंधराव्या लुईला इतक्या मुली झाल्या की नामकरण होईपर्यंत त्यांना क्रमांकाने ओळखत: मादाम पहिली, मादाम दुसरी, असं. त्यांतल्या आदेलाईद आणि व्हिक्तोआर या दोघींनी लग्न केलंच नाही. व्हर्सायच्या तळमजल्यावर त्या म्हाताऱ्या झाल्या, क्रांतीनंतर १७९१ मध्ये इटलीकडे निघून गेल्या आणि शेवटी त्रिएस्त इथे वारल्या. मरेपर्यंत मादाम आदेलाईद आणि मादाम व्हिक्तोआर. कुणी चुकूनही त्यांना मादमोआझेल म्हटलं नाही. म्हटलं असतं तर ती पायउतार ठरली असती.

आणि मग ती एक, जिच्यासाठी हा शब्द नाव लावल्याशिवाय नुसताच वापरत. तेराव्या लुईचा भाऊ गास्तों याची थोरली मुलगी, मोंपांसिएची डचेस, जन्म १६२७. दरबारात राजाच्या पाठच्या भावाला नुसतं 'मस्यू' म्हणत, त्याच्या बायकोला नुसतं 'मादाम', आणि त्याच्या थोरल्या मुलीला नुसतं 'मादमोआझेल'. पुढे गादीवर चौदावा लुई आला, त्याचाही भाऊ होता, त्यालाही मुली झाल्या. तेव्हा गोंधळ नको म्हणून या जुनीला 'ला ग्रांद', थोरली मादमोआझेल, म्हणू लागले. आईकडून आलेल्या इस्टेटीमुळे ती फ्रान्समधल्या सगळ्यात श्रीमंत बायकांपैकी एक होती. जुलै १६५२ मध्ये, उमरावांच्या बंडाच्या धामधुमीत, राजाच्या फौजेने बंडखोरांचा सेनापती कोंदे याला पॅरिसच्या वेशीशी कोंडलं होतं. या पंचवीस वर्षांच्या बाईने बास्तीयच्या तटावरून तोफा राजाच्याच सैन्यावर डागायला लावल्या आणि कोंदेला आत घेतलं. चौदाव्या लुईशी तिचं लग्न होईल अशी तोवर कुजबुज होती. "त्या तोफेने तिचा नवरा मारला," असं मुख्यमंत्री माझारँ म्हणाल्याची आख्यायिका आहे.

तिची पुढची गोष्ट आणखी बोलकी आहे. १६७० मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी, तिने लोझं नावाच्या तुलनेने किरकोळ सरदाराशी लग्न करायचं ठरवलं. राजाने होकार दिला. पॅरिसभर चर्चा झाली, आणि मग राजाने शब्द फिरवला. वर्षभरात लोझं पिन्यरोलच्या किल्ल्यात कैदेत गेला, तो दहा वर्षं तिथेच राहिला. त्याला सोडवायला हिला आपल्या मोठमोठ्या जहागिरी राजाच्या अनौरस मुलाच्या नावे कराव्या लागल्या. म्हणजे ज्या बाईच्या पदवीवरून आज लोक 'अल्लड, लाजरी, अविवाहित' असा अर्थ काढतात, ती मूळची बाई तोफा डागणारी आणि आपल्या लग्नाचा सौदा राजाशी स्वतः करणारी होती. मादमोआझेल म्हणजे राजघराण्यातल्या माणसाचा हुद्दा. त्यात कौमार्याचा संबंध नव्हता.

हुद्द्याचा अर्थ तेव्हा किती ठोस होता पाहा. व्हर्सायमध्ये राणीसमोर कुणी बसायचं आणि कुणी उभं राहायचं, हे ठरलेलं. डचेस असलेल्या बाईला पाठ नसलेलं, हात नसलेलं एक छोटं गुबगुबीत स्टूल मिळे, त्याला ताबुरे म्हणत. मार्किझ आणि काउंटेस उभ्या. तासन्‌तास उभ्या. घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या या स्टुलासाठी कारस्थानं केली. जान आंत्वानेत पोआसाँ नावाची पॅरिसच्या पैसेवाल्या वर्तुळातली बाई पंधराव्या लुईची प्रेयसी झाली. तिच्या आडनावाचा अर्थ 'मासा', म्हणून दरबारी लोक तिच्यावर मासळीच्या कोट्या करत. १७४५ मध्ये राजाने तिला पाँपादूरची मार्किझ केलं. पण स्टूल मिळायला १७५२ साल उजाडावं लागलं. तिच्यामागून आलेल्या बाईची कथा तर आणखी सरळ. दरबारात हजर करायचं तर पदवी हवी, पदवीसाठी नवरा हवा. म्हणून १७६८ मध्ये तिच्या पाठीराख्याच्या भावाशी तिचं लग्न लावलं आणि ती काउंटेस द्यु बारी झाली. लग्न पदवीसाठी केलं होतं. पुढच्या वर्षी ती दरबारात उभी होती.

मग १७९० आलं. जूनमध्ये राष्ट्रीय सभेने वंशपरंपरागत उमरावपद आणि पदव्या रद्द केल्या. दोन वर्षांनी मस्यू आणि मादाम हेही नकोसे झाले. सगळे सितोआयें, नागरिक, आणि सगळ्या सितोआयेन, नागरिका. लक्षात घ्या, सितोआयेनमध्ये लग्नाचा मागमूस नाही. फ्रान्सच्या सरकारी भाषेत बाईला एकच संबोधन असण्याचा हा काळ. अर्थात या नागरिकेला मत नव्हतं. फ्रेंच बाईला मताचा अधिकार मिळाला १९४४ मध्ये, आणि ती पहिल्यांदा मतदानाला गेली एप्रिल १९४५ मध्ये. नुसत्या संबोधनाने पोट भरत नाही, हे मलाही मान्य आहे.

आपल्याला आज ठाऊक असलेली मादाम-मादमोआझेलची जोडी पक्की झाली त्यानंतरच्या शतकात. तिला खरं वजन दिलं कायद्याने, रीतिरिवाजाने नव्हे. नेपोलियनची नागरी संहिता आली १८०४ साली. तिच्यात स्वच्छ लिहिलं होतं की नवऱ्याने बायकोचं रक्षण करायचं आणि बायकोने नवऱ्याची आज्ञा पाळायची. लग्न झालेली बाई कायद्याच्या नजरेत अल्पवयीन मुलासारखी. नवऱ्याच्या संमतीशिवाय तिला करार करता येत नव्हता, मालमत्ता विकता येत नव्हती, कोर्टात जाता येत नव्हतं. उलट एकवीस वर्षं पूर्ण झालेली बिनलग्नाची बाई हे सगळं स्वतःच्या सहीने करू शकत होती.

आता त्या काळातल्या वकिलाच्या किंवा सावकाराच्या कचेरीतला कारकून डोळ्यांसमोर आणा. समोर बाई उभी आहे, दस्तऐवज तयार आहे. त्याला एकच गोष्ट माहीत करून घ्यायची आहे: हिची एकटीची सही चालेल का? मादमोआझेल असेल तर चालेल. मादाम असेल तर नवऱ्याला बोलवा. 'मादाम की मादमोआझेल?' हा प्रश्न त्याच्या तोंडी पूर्णपणे धंद्याचा होता. कागदावरची ती चौकट सभ्यतेची नव्हती, कायदेशीर क्षमतेची होती. आणि गंमत अशी की ज्या शब्दाला समाज मोठा मान देत होता, त्या मादामची सही कच्ची, आणि ज्या मादमोआझेलची कीव करत होता, तिची सही पक्की.

हे कायदे हळूहळू विरघळले. १९०७ मध्ये लग्न झालेल्या कामकरी बाईला स्वतःच्या पगारावर हक्क मिळाला. १९३८ मध्ये तिची कायदेशीर अक्षमता निघाली. १९६५ च्या कायद्याने तिला नवऱ्याच्या परवानगीशिवाय बँकेत खातं उघडायची आणि नोकरी धरायची मुभा मिळाली. १९६५! तोवर आपल्याकडे कितीतरी बायका स्वतःच्या नावाने खाती चालवत होत्या. तर १९६५ नंतर त्या चौकटीला काहीही काम उरलं नव्हतं. विहीर आटली तरी रहाट गरगरत राहावा, तशी ती फॉर्मवर राहिली. सत्तरच्या दशकात सरकारी परिपत्रकांनी सांगून पाहिलं की बाई म्हणेल तर तिला मादाम लिहा. कुणी मनावर घेतलं नाही. शेजारच्या पश्चिम जर्मनीने १९७२ मध्ये 'फ्रॉइलाइन'ला सरकारी कागदांवरून सुट्टी दिली. फ्रान्स ढिम्म.

सप्टेंबर २०११ मध्ये दोन स्त्रीवादी संघटनांनी मोहीम काढली. मथळा होता: मादमोआझेल, एक जास्तीची चौकट. फॉर्मवर पुरुषाला एक चौकट आणि बाईला दोन का, एवढाच सवाल. ब्रिटनीमध्ये रेनजवळच्या सेसाँ-सेव्हिन्ये या छोट्या नगरपालिकेने कुणाची वाट न पाहता आपल्या फॉर्मांवरून ती चौकट काढली. गावाच्या नावात एका जुन्या मार्किझच्या घराण्याचं नाव आहे, आणि मादमोआझेलला आधी निरोप देणाऱ्यांत तेच. मंत्री रोझलिन बाशलो यांनी पंतप्रधानांना लिहिलं. २१ फेब्रुवारी २०१२ रोजी पंतप्रधान फ्रांस्वा फियों यांचं परिपत्रक निघालं: सरकारी कागदांवर यापुढे मादमोआझेल नको, 'माहेरचं नाव' नको, 'नवऱ्याचं नाव' नको. बाईला मादाम, आणि ते मस्यूच्या बरोबरीचं, ज्यावरून लग्नाचा अंदाज बांधायचा नाही. माहेरच्या नावाबद्दल एक मजा सांगायलाच हवी. क्रांतीच्या काळातल्या १७९४ च्या कायद्यानुसार फ्रान्समध्ये माणसाचं खरं नाव जन्मदाखल्यावरचंच. म्हणजे कायद्याने फ्रेंच बाईचं आडनाव लग्नाने कधी बदललंच नव्हतं. बदललं असं समजून दोनशे वर्षं फॉर्म छापले जात होते.

एक संघटना न्यायालयातही गेली, मादमोआझेल वाचवायला. फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने डिसेंबर २०१२ मध्ये तिची याचिका फेटाळली.

विरोधकांचं सगळंच म्हणणं मी उडवून लावणार नाही. काही बायकांना हा शब्द प्रिय होता आणि त्यामागे कारण होतं. फ्रेंच रंगभूमीवर नट्यांना मादमोआझेल म्हणण्याची जुनी रीत आहे, त्यांचं लग्न झालेलं असो वा नसो. फॅशनकार कोको शनेल बाईंना त्यांच्या पॅरिसमधल्या कार्यशाळेत सगळे नुसतं 'मादमोआझेल' म्हणत. त्यांच्या तोंडावर दुसरं काही म्हणायची कुणाची छाती नव्हती. स्वतःच्या कष्टावर उभी राहिलेली बाई तो शब्द मिरवते, तेव्हा तो थोरल्या मादमोआझेलकडे परत गेलेला असतो. ते तिचं तिने ठरवावं. परिपत्रकाने कुणाचीही जीभ बांधलेली नाही. पॅरिसचा पाववाला आजही गिऱ्हाइकाला मादमोआझेल म्हणतो, कुणी खुश होतं, कुणी डोळे वटारतं. सरकार मध्ये पडत नाही, पडूही नये. माझा आक्षेप फॉर्मला आहे, कारण फॉर्मला उत्तर द्यावंच लागतं.

दुसरा आक्षेप असा की पगारातली तफावत, घरातली मारहाण हे सोडून चौकटी कसल्या मोजता? हा युक्तिवाद आपल्याकडेही लगेच निघतो. असं म्हणणारी माणसं तफावतीवर तरी काय करत असतात, हा प्रश्न मी सभ्यपणे बाजूला ठेवते. चौकट काढायला पैसे लागत नाहीत, कर्मचारी लागत नाहीत, कुणाचा एक तास जात नाही. जे फुकटात होतं ते होऊ द्यावं.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात विचार करण्यासारखा वाटतो: सगळ्यांना मादाम केलं म्हणजे सगळ्यांना विवाहित केलं, नाही का? फ्रेंचमध्ये हे खरंच अडलं. इंग्रजीने त्यासाठी 'मिझ' बनवलं, फ्रेंचने असलेलंच भांडं घासून घेतलं. पण इतिहास फ्रेंच बाजूने आहे. आदेलाईद आणि व्हिक्तोआर बिनलग्नाच्या मादाम होत्याच की. पुरुषांच्या बाजूलाही जोड होती. दमोआझेलचा पुरुषभाऊ 'दमोआझो', म्हणजे उमरावाघरचा तरुण. तो शब्द कधीच म्हातारा होऊन मेला, कुणी त्याच्यासाठी मोर्चा काढला नाही, कुणी न्यायालयात गेलं नाही. बिनलग्नाच्या पुरुषाला वेगळं नाव नको असं सगळ्या समाजाने न बोलता ठरवून टाकलं होतं.

आता आपल्या अंगणात. मराठीतली अवस्था फ्रेंचपेक्षा जास्त बिकट आहे, कारण आपल्याकडे चौकटी दोन नाहीत, चार-पाच आहेत. कु., चि. सौ. कां., सौ., श्रीमती, गं. भा. पुरुषाचा चि. मोठेपणी श्री. होतो, आणि मग मरेपर्यंत श्री. बायको गेली तरी श्री. तिसरं लग्न केलं तरी श्री. बाईचं मात्र प्रत्येक वळणावर नवं पाटीकाम. फ्रेंच मादाम विधवा झाली तरी मादाम राहते. आपली 'सौ.' नवऱ्याच्या श्वासाला बांधलेली आहे, सौभाग्य याचा अर्थच तो. आईच्या बाबतीत त्या बँकेतल्या मुलीने जे दोन सेकंदांत केलं, ते मादाम-मादमोआझेलच्या चौकटींनीही केलेलं नव्हतं.

श्रीमतीची तर आणखी तऱ्हा. माझी मावशी इंदूरची. तिच्याकडे लग्नपत्रिकेवर 'श्रीमती एवं श्री' छापतात, म्हणजे हिंदीत श्रीमती म्हणजे नवरा असलेली. हीच पत्रिका जळगावला आली की आजी म्हणायची, "अगं, हिचा नवरा कधी गेला?" शब्द तोच, मधे फक्त सातपुडा. यावरूनच कळतं की त्या शब्दात मुळात लग्न नाही. श्रीमान आणि श्रीमती, ज्याच्याकडे श्री आहे तो आणि जिच्याकडे श्री आहे ती. मंत्रालयातून निघणाऱ्या शासन निर्णयांखाली अधिकारी बाईंच्या नावाआधी श्रीमतीच असतं आणि त्यांचा नवरा आहे की नाही हे कुणी त्यावरून ताडत नाही. म्हणजे घासून घ्यायचं भांडं आपल्याकडे घरातच आहे, फ्रेंचांपेक्षा बरं. त्यावर बसलेला विधवापणाचा काळा थर तेवढा काढायचा, आणि तो थर सगळ्यांना श्रीमती लिहूनच निघेल. निवडक बायकांना लिहीत राहिलो तर आणखी चढेल.

उलट्या दिशेने जायचा प्रयत्नही आपण पाहिला. एप्रिल २०२३ मध्ये तेव्हाच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी 'विधवा'ऐवजी 'गंगाभागीरथी' म्हणता येईल का, ते तपासायला सांगितलं. हेतू सन्मानाचा होता असं ते म्हणाले. टीका झाली आणि विषय 'केवळ चर्चा' म्हणून आवरता घेतला गेला. त्याच्या आदल्याच वर्षी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला होता. पुसायचं बंद करणारं गाव एका वर्षी, आणि पुसलेलं आहे हे नावातच लिहू पाहणारं खातं दुसऱ्या वर्षी! गोड नाव दिल्याने चौकट गोड होत नाही.

माहिती हवी असते, हे मी नाकारत नाही. लाडकी बहीण योजनेत विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, आणि घरातली एक अविवाहित, असे पात्रतेचे निकष आहेत. तिथे विचारावंच लागणार. तर विचारा की सरळ: वैवाहिक स्थिती, रकाना क्रमांक अमुक. घटस्फोटित पुरुषाला जसं विचारता तसं. तो रकाना त्या अर्जापुरता, त्या कामापुरता. नावाला शेपटासारखा बांधला की तो लाइट बिलावर येतो, दवाखान्याच्या केसपेपरवर येतो, कुरियरच्या पाकिटावर येतो. याच राज्यात एसटीत मार्च २०२३ पासून बाईला अर्ध्या तिकिटात प्रवास आहे. कंडक्टर यंत्राचं बटण दाबतो, 'महिला सन्मान' असं तिकीट निघतं. गळ्यात काय आहे ते तो बघत नाही. सन्मान तिथे सवलतीसकट होतो आणि लग्नाची चौकशी न करता होतो. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या नावात आईचं नाव लावायचं ठरवू शकणाऱ्या सरकारला आईच्या नावाआधीची दोन अक्षरं जड जाऊ नयेत.

आपल्या जुन्या वळणातही याला आधार आहे. जिजाबाई, ताराबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई. यातली 'बाई' नवरा असतानाही होती आणि गेल्यावरही. अहिल्याबाईंनी वैधव्यात जवळपास तीन दशकं राज्य केलं, इतिहास त्यांना त्यासाठी वेगळं अक्षर लावत नाही. शाळेत आम्हाला 'बाई' होत्या, आणि बाईंचं लग्न झालंय का हा विचार आमच्या डोक्यात येत नसे. मग 'बाई' खाली घसरली. आता ती भांडी घासायला येते, आणि शाळेत मॅडम आल्या. फ्रेंचमध्ये दमोआझेलचं अगदी हेच झालं: एके काळी उमरावाची बायको, पुढे दुकानात कापड मोजणारी मुलगी आणि टेलिफोनच्या खोलीत तारा जोडणारी. शब्द मोठ्या घरातून निघतात आणि कामाला लागतात. त्यात वाईट काही नाही, वाईट एवढंच की कामाला लागलेल्या बाईचा मान आपण शब्दासकट काढून घेतो. 'मॅडम' अजून वर आहे. तलाठी मॅडम, पीएसआय मॅडम, बँकेतली ती पंचविशीची मुलगी. पंधराव्या लुईच्या मुलींसारखा हा मान खुर्चीचा आहे. तोंडी व्यवहारात मराठी माणसाने हा प्रश्न केव्हाच सोडवलाय, छापखान्याला अजून कळलेलं नाही.

मागणी छोटी आहे. राज्य सरकारने एक शासन निर्णय काढावा: शासकीय व निमशासकीय नमुन्यांत पुरुषाला श्री., स्त्रीला श्रीमती, आणि ज्याला-जिला काहीच नको असेल त्याला नुसतं नाव. बँकांनी, विमा कंपन्यांनी ड्रॉपडाउनमधून दोन ओळी काढाव्यात. पत्रिकांवर, हळदीकुंकवाच्या आमंत्रणांवर, रुखवतावर कुणी काय लिहायचं, त्यात मला पडायचं नाही. आमच्या घरी पितळी पातेल्यांवर १९७४ साली ठोकलेलं आईचं नाव आहे, 'सौ.'सकट. ते कुणी खरवडायला आलं तर मीच आडवी येईन.

फियों यांच्या परिपत्रकात एक व्यवहारी तरतूद होती: जुने छापलेले फॉर्म फेकू नका, साठा संपेपर्यंत वापरा. आपल्याकडेही तेवढी सवड खुशाल द्यावी. त्या दिवशी आईला मिळालेल्या पासबुकावर 'श्रीमती' छापून आलं. घरी आल्यावर तिने ते देवघराच्या कपाटात ठेवलं आणि जुनं, 'सौ.' असलेलं, फाडायला दिलं नाही. त्यात अजून चार पानं कोरी आहेत म्हणाली, हिशेब लिहायला होतील.